अर्धं पाणी जमिनीचं

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ज्या हिशेबावर बांधल्या गेल्या, त्यात दोन आकडे होते. पहिला, तासाला 25 मिलिमीटर पाऊस. दुसरा, 0.5. पहिला आकडा दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येतो. दुसऱ्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. माझी सगळी नोकरी नाले, कलव्हर्ट आणि पातमुखं (नाले समुद्राला मिळतात ती तोंडं) मोजण्यात गेली, आणि मला विचाराल तर या शहराच्या जमिनीचा दीडशे वर्षांचा इतिहास त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

0.5 म्हणजे काय ते सांगते. एखाद्या जागेवर पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहत गटाराकडे येईल, त्याचं हे प्रमाण. छपरावर पडलेलं जवळजवळ सगळं येतं, बागेत पडलेलं थोडं येतं. जुन्या अभियंत्यांनी मुंबईसाठी अर्धं धरलं. उरलेलं अर्धं त्यांनी जमिनीच्या खात्यावर मांडलं : ते परसात मुरेल, माडांच्या आळ्यांत थांबेल, विहिरीत उतरेल, मैदानातल्या गवतात अडकेल. त्या अर्ध्या पाण्यासाठी त्यांनी एक वीटही खर्च केली नाही, कारण ते काम जमीन करत होती.

त्या काळातल्या कमानी वाहिन्या अजून दक्षिण मुंबईच्या पोटात आहेत. काहींतून माणूस वाकून चालू शकतो. उन्हाळ्यात, भर ओहोटीची वेळ साधून मी त्यांत उतरले आहे. शंभर वर्षांपूर्वीचं वीटकाम, आणि कमानीची वीट न् वीट जागेवर. आमच्याबरोबर जुन्नरकडचे एक मुकादम असत, सगळे त्यांना अण्णा म्हणत. एकदा वर आल्यावर मी गाळाबद्दल तक्रार करत होते, तेव्हा ते म्हणाले, “बाई, गाळ काढू आपण. पण गटाराला दोष देऊ नका. त्याच्या वाटणीचं ते घेतंय. वरूनच जास्त येतंय.” नाल्यांवर मी पुढे पुष्कळ अहवाल वाचले, पण अण्णांच्या त्या वाक्याच्या पलीकडे जाणारं फारसं काही सापडलं नाही.

वरून जास्त का येऊ लागलं, ते समजायला जमिनीपासून सुरुवात करायला हवी.

मुंबई बेटांची होती हे सगळ्यांना माहीत आहे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून समुद्र आत शिरायचा. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला गेला आणि 1784 च्या सुमारास तो पुरा झाला. बांधामागची जमीन उघडी पडली खरी, पण ती भरतीच्या पातळीखाली होती. आजचा भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा यांचा बराच भाग हा त्या खोलगटातला. एकोणिसाव्या शतकात तो भरला गेला आणि भरावात शहराचा कचराही होता. म्हणजे मुंबईच्या मध्यावरची मोठी जमीन बशीसारखी, आणि बशीचा काठ समुद्राच्या बाजूला. अशा शहरात पडलेलं पाणी काही तास जागेवर थांबलं, तर ते उपकारच करतं. ओहोटी लागली की वाट मोकळी होते. हा भरती-ओहोटीचा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

पाणी जागेवर थांबवणाऱ्या गोष्टी तेव्हा शहरात भरपूर होत्या. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी, मुंबादेवीचं तळं, बाबुला टँक. आज यांतली बहुतेक फक्त बसच्या पाटीवर शिल्लक आहेत. ही तळी पिण्याच्या आणि वापरायच्या पाण्यासाठी खोदलेली होती, पुराच्या बंदोबस्तासाठी नव्हती. पण पावसाळ्यात भोवतालचं पाणी तीच पोटात घेत. हेन्री कॉनिबेअरच्या योजनेतून 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने आलं आणि तळ्यांची गरज उतरली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ती एकेक करून बुजवली गेली. विहिरींचंही तेच झालं. 1911 मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला. त्यात विहिरींमधल्या डासांवर बोट ठेवलेलं होतं. त्यानंतर विहिरी बुजवण्याचा, झाकण्याचा सपाटा सुरू झाला. विहीर हे देवाचं ठिकाण मानणाऱ्या हिंदूंनी आणि पारशांनी विरोध केला, म्हणून काही वाचल्या. चर्चगेटजवळची 1725 ची भिका बेहराम विहीर अजून आहे.

ज्यांनी जमीन झाकली त्यांना मी मूर्ख म्हणत नाही. 1896 च्या प्लेगने हे शहर रिकामं केलं होतं. त्या काळच्या वैद्यकाची समजूत अशी, की ओल्या, सडलेल्या जमिनीतून रोग वर येतो. दोन चाळींमधल्या हाऊसगल्लीत तेव्हा काय काय साचत असे त्याची वर्णनं वाचली, की तिथे फरशी घालणाऱ्याचे हात धरवत नाहीत. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, मोठे रस्ते काढले गेले, कोंदट वस्त्या पाडल्या गेल्या. गल्ल्या फरसबंद झाल्या, कारण फरशी धुता येते आणि माती धुता येत नाही. माणसं जगावीत म्हणून ही जमीन झाकली गेली. आमच्या पिढीने जी झाकली तिचं कारण एवढं मोठं नव्हतं.

रस्त्यांची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात एक गैरसमज आहे, तो आधी काढायला हवा. जुने खडीचे रस्ते पाणी पीत असत आणि डांबराने ते बंद केलं, असं पुष्कळ लोक समजतात. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॲडमची पद्धत एकोणिसाव्या शतकात जगभर गेली. तिचं तत्त्वच असं होतं, की खालची माती कोरडी राहिली पाहिजे, कोरडी माती कितीही वजन पेलते. म्हणून बारीक फोडलेली खडी एकमेकींत घट्ट बसवायची, मधोमध फुगवटा द्यायचा आणि पाणी कडेला उतरवायचं. रस्ता पाण्याला आत घेण्यासाठी कधीच नव्हता. पाणी मुरायचं ते कडेला : मुरमाच्या पट्ट्यात, उघड्या चरात, झाडांच्या बुंध्यांशी. मोटारी आल्या, खडी उखडून धूळ उडू लागली, तेव्हा डांबर आलं. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये रस्ते समिती बसली. पेट्रोलवर कर लावून रस्त्यांसाठी निधी उभारावा, ही तिचीच सूचना. देशभरच्या रस्त्यांच्या बांधणीला शिस्त लावणारी इंडियन रोड्स काँग्रेस 1934 मध्ये स्थापन झाली, तीही या समितीच्या कामातूनच. या सगळ्यांनी रस्ता टणक आणि पाण्याला बंद ठेवायचाच विचार केला, आणि तो बरोबर होता. ट्रक चालणाऱ्या रस्त्याच्या पोटात पाणी शिरलं की रस्ता बसतो.

मुंबईत आणखी एक प्रकार होता, तो मात्र थोडं पाणी आत घ्यायचा : काळ्या दगडाचे घडवलेले ठोकळे. 1874 मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 मध्ये विजेची आली आणि 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम धावली. रुळांच्या मधे आणि बाजूला हे ठोकळे बसवलेले असत. कुठेकुठे डांबराखाली ते अजून आहेत. खोदाईत निघालेला असा ठोकळा मी हातात घेतला आहे. पाच बाजू छिन्नीने टाचलेल्या आणि सहावी, वरची, चाकांनी गुळगुळीत केलेली. घडवणाऱ्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही. दोन ठोकळ्यांमधल्या सांध्यात रेती असेल तर पाणी खाली उतरतं आणि सिमेंट भरलं तर उतरत नाही. सगळा फरक सांध्यात आहे. पेव्हर ब्लॉककडे वळू तेव्हा हे आठवा.

म्हणजे शहराचं अर्धं पाणी घेणारी जागा रस्त्याच्या मधोमध कधीच नव्हती. ती कडेला होती, आवारात होती, वाडीत होती. मी गिरगावातल्या अशाच एका वाडीत वाढले. माडांच्या बागेत चाळी उभ्या राहिल्या होत्या आणि पाच-सहा माड शिल्लक होते. आवार मातीचं होतं, पायऱ्यांसमोर शहाबादी फरश्या टाकलेल्या आणि त्यांच्या सांध्यांतून दुर्वा उगवलेल्या. गणपतीत आम्ही मुली त्या तिथूनच खुडत असू. मोठी सर आली की आवारात घोट्याएवढं पाणी साचायचं आणि संध्याकाळपर्यंत दिसेनासं व्हायचं. पुढे स्कूटर लावायला सोयीचं म्हणून आवारात कोबा झाला. त्या पावसाळ्यापासून वाडीच्या तोंडाशी, रस्त्यावरच्या जाळीपाशी पाणी तुंबू लागलं. वाडीतल्या मोठ्या माणसांनी गटार साफ होत नाही म्हणून अर्ज केले. गटार साफ होतं.

अशा किती वाड्या, किती आवारं, किती बंगल्यांची परसं गेली त्याची यादी कुणी ठेवली नाही. उपनगरांत भातखाचरं गेली, मिठागरं आक्रसली, मिठी नदीच्या मुखाशी तिवरांच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. 1985 च्या पुरानंतर सल्लागार नेमले गेले आणि 1993 मध्ये त्यांचा अहवाल आला. ब्रिमस्टोवॅड या नावाने तो ओळखला जातो. त्यात नवे दोन आकडे होते : तासाला 50 मिलिमीटर पाऊस आणि रनऑफचं, म्हणजे वाहून येणाऱ्या पाण्याचं प्रमाण 1.

एक. म्हणजे पडलेला प्रत्येक थेंब गटाराकडे येणार असं गृहीत धरा, जमिनीच्या खात्यावर काही मांडू नका. अभियंता म्हणून मी त्या आकड्याशी भांडत नाही, सुरक्षित हिशेब तसाच करतात. पण तो आकडा कागदावर पाहिला त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. एका शहराने आपल्या जमिनीबद्दल लिहून दिलं होतं, की हिच्याकडून आता कशाचीच अपेक्षा नाही.

हिशेब करून पाहा. एक हेक्टर जागा घ्या. जुन्या आकड्यांनी तासाभरात तिच्यावर अडीच लाख लिटर पाऊस पडतो आणि सव्वा लाख लिटर गटाराकडे येतो. नव्या आकड्यांनी पाच लाख लिटर पडतो आणि पाचच्या पाच लाख लिटर गटाराकडे येतो. चौपट. या चौपटीत पावसाचा वाटा एका दुपटीचा आहे. दुसरी दुप्पट जमिनीची आहे, ती आकाशातून आलेली नाही. आपण पहिल्या दुपटीवर बोलतो, हवामानबदलावर परिसंवाद घेतो आणि दुसरीवर रोज कोबा ओततो.

मग 26 जुलै 2005 आली. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 73. दुपारी 4.48 मीटरची भरती होती, म्हणजे पातमुखांतून पाणी बाहेर पडायची वाट नेमकी तेव्हा समुद्राने अडवली होती. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सगळ्याची चौकशी केली, ब्रिमस्टोवॅडच्या कामांना निधी मिळाला, हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लिव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी उदंचन (पंपिंग) केंद्रं उभी राहिली. त्यांचा उपयोग झाला हे मी जवळून पाहिलं आहे. पण हे सगळे उपाय पाणी गटारात आल्यानंतरचे आहेत.

गटारात येण्याआधीच पाणी थांबवायचा विचार दुसरीकडे सुरू होऊन तेव्हा तीस वर्षं उलटली होती. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये एडमंड थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या सुमारास एक साधी गोष्ट करून पाहिली. डांबराच्या मिश्रणातली बारीक रेती काढून टाकली. रेती गेली की खडीच्या दाण्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि पाणी सरळ खाली उतरतं. खाली त्यांनी एकाच मापाच्या, धुतलेल्या खडीचा जाड थर घातला. खरी करामत या थरात आहे. अशा खडीत साधारण चाळीस टक्के पोकळी असते. फूटभर जाडीचा थर असला तर स्वतःवर पडलेला सुमारे 120 मिलिमीटर पाऊस तो पोटात ठेवू शकतो आणि मग सावकाश मातीला देतो, किंवा तळाशी ठेवलेल्या नळीतून सोडतो. 1977 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये वॉल्डन तळ्याजवळचा वाहनतळ असा बांधला गेला. रेती वगळून केलेलं काँक्रीट तर त्याहून जुनं आहे. इंग्लंडमध्ये 1852 मध्ये त्याच्या भिंतींची घरं बांधली होती. आपल्याकडेही अशा काँक्रीटसाठी भारतीय मानक 1989 पासून आहे. ज्ञान किंवा नियमावली नाही, अशी सबब सांगायला जागा नाही.

आणि मुंबईत मात्र पेव्हर ब्लॉक आला. फूटपाथवर, सोसायट्यांत, देवळांसमोर, मैदानांच्या कडेला, सगळीकडे. सुट्टे ठोकळे आहेत म्हणजे पाणी मुरेल, असं लोकांना वाटलं आणि विकणाऱ्यांनी ते वाटू दिलं. पण आपल्याकडे तो बसवतात कसा ते पाहा. जमीन खोदायची, पी.सी.सी., म्हणजे साधं सिमेंट काँक्रीट ओतायचं, त्यावर दगडाची कच पसरायची, ब्लॉक एकमेकांना चिकटवून ठोकायचे, सांध्यांत बारीक वाळू झाडूने भरायची, कडा सिमेंटने बंद करायच्या. पी.सी.सी.च्या लादीवर ठेवलेला ब्लॉक हा कोबाच आहे, फक्त नक्षीचा. वर कचेत अडकलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही, म्हणून ब्लॉक डुगडुगतात आणि पाय दिला की चिखलाची पिचकारी उडते. म्हातारी माणसं त्यावर पडली, तक्रारी झाल्या, आणि ब्लॉक वाईट असा निकाल लागला. वाईट खालचा थर होता.

पाणी खरंच मुरवायचं तर ब्लॉकच्या बाजूला मुद्दाम फट ठेवलेली हवी, फटीत वाळूऐवजी 6 मिलिमीटरची स्वच्छ खडी हवी आणि खाली पी.सी.सी.च्या जागी 20 आणि 40 मिलिमीटरच्या खडीचे, कच अजिबात नसलेले थर हवेत. मुंबईत बऱ्याच ठिकाणी खाली भराव किंवा चिकण चिखलमाती आहे, पावसाळ्यात भूजलही वर असतं. तिथे मुरणं कमीच होणार, हे मान्य करून तळाशी निचऱ्याची नळी ठेवावी लागते. तरीही फायदा आहे, कारण भरतीच्या वेळी जे पाणी जाळीवर धडकणार होतं, ते तीन-चार तासांनी, ओहोटीला, सावकाश येतं. बशीसारख्या शहराला ते तीन-चार तासच हवे आहेत. दादर-परळच्या हिंदमाता भागात तुंबणाऱ्या पाण्यासाठी गेल्या काही वर्षांत परळ आणि दादरला मैदानांखाली प्रचंड टाक्या बांधल्या गेल्या, त्यांचं तत्त्व हेच : पाणी धरा, भरती उतरली की सोडा.

पाणी मुरवणाऱ्या या फरसबंदीच्या मर्यादा मला चांगल्या ठाऊक आहेत. 26 जुलैला असे फूटपाथ शहरभर असते तरी पाणी भरलंच असतं. बसगाड्यांच्या रस्त्यावर हे चालणार नाही. आणि मुंबईत त्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रस्त्यावरच सिमेंट कालवायची आपली सवय. एका दुपारी फूटपाथवर माल कालवला आणि पाणी मारून धुतला, की त्याखालची सगळी छिद्रं कायमची बंद. धूळ, राडारोडा, गाळ यांनीही ती भरतात, म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी सांध्यातली वरची खडी उपसून नवी भरावी लागते. हे काम होणार नसेल तर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही गोष्टी बरोबर दिशेने झाल्या, त्यांची नोंद करायला हवी. मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना 2002 पासून पर्जन्यजल संधारण सक्तीचं झालं. 2013 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात सांगितलं, की इमारतीसाठी सक्तीची असलेली मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमच्या स्लॅबवर केलेली बाग त्यात धरता येणार नाही. मी त्या निकालाला फार मोठा मानते. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवायचा आदेश दिला. दुसरीकडे 2023 पासून मुंबईतले रस्ते काँक्रीटचे करायचं काम मोठ्या प्रमाणावर चाललं आहे. मधला रस्ता काँक्रीटचा करा, टिकेल. माझं म्हणणं कडेपुरतं आहे. काँक्रीट एका कुंपणाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सलग नेऊ नका.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण सोसायटीत राहतात. शहरातला फूटपाथ तुमच्या हातात नाही, पण आवार आहे. दिवाळीनंतर ब्लॉक बदलायचे प्रस्ताव सभेपुढे येतात आणि पाच मिनिटांत मंजूर होतात, कारण त्यावर कुणी बोलत नाही. या वर्षी बोला. कंत्राटदाराला पी.सी.सी. ओतू देऊ नका. गाड्या जिथे उभ्या राहतात तिथे खाली फूटभर धुतलेली खडी मागा, सांधे उघडे ठेवा, झाडांभोवती मीटरभर माती मोकळी सोडा आणि दर मे महिन्यात सांधे साफ करायचा खर्च त्याच ठरावात लिहून घ्या.